कलम केलेली नस

मार्चमधली दुपार. सोलापुरातल्या माझ्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या मागच्या खिडकीची काच तडकली होती आणि धूळ थेट मागाच्या बीमवर, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळावर येत होती. काचवाल्याला फोन करायचं सोडून मीच स्टुलावर चढलो. काच चौकटीतून सुटली, उजव्या मनगटाच्या वर सहा-सात सेंटिमीटरवर आडवी घुसली आणि खाली पडून फुटली. आठही माग चालू होते. त्या खडखडाटात माझं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला रक्त दिसलं तेव्हा त्यानं आधी मेन स्विच पाडला आणि समोरच्या गठ्ठ्यातला टॉवेल ओढून हाताला आवळला.

जवळच्याच एका दवाखान्यात टाके पडले. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू तेव्हापासून बधिर होती. मी दोनदा विचारलं. “सूज आहे, उतरली की येईल,” असं सांगितलं. सूज उतरली, जखम भरली, टाके निघाले. बधिरपणा तसाच राहिला. मेमध्ये एका सकाळी कपातला चहा संपवून मी गिऱ्हाइकाशी बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी हिनं माझा हात धरून विचारलं, “अहो, हा फोड कशाचा?” अंगठ्याजवळच्या बोटावर चांगला टरारलेला फोड होता. गरम कप मी किती वेळ धरून बसलो होतो, मला कळलंच नव्हतं.

त्या फोडामुळे आम्ही प्लॅस्टिक सर्जन मॅडमकडे पोचलो. मला वाटायचं प्लॅस्टिक सर्जन म्हणजे भाजलेल्यांचे डॉक्टर. मॅडमनी मला डोळे मिटायला सांगितले आणि बोटांच्या टोकांना कापूस लावत गेल्या. करंगळीला कळलं. बाकी कुठं कापूस लावला, कुठं नाही, मला सांगता येईना. मग तळहात वर करून टेबलावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, “अंगठा सरळ छताकडे उचला.” उचलेना. तेव्हा माझं पहिल्यांदा लक्ष गेलं की अंगठ्याच्या बुडाचं मांस बसून तिथं खळगा पडलाय. एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघायची तपासणी झाली, सुई टोचून अंगठ्याच्या स्नायूची तपासणी झाली. मनगटाकडे जाणारी मधली मोठी नस, मीडियन नर्व्ह, पूर्ण तुटलेली होती.

या तीन महिन्यांचं मला आजही फार वाईट वाटतं. ताजी, स्वच्छ कापलेली नस त्याच वेळी टोकाला टोक लावून शिवता येते. आता दोन्ही टोकं मागं सरकली होती, वरच्या टोकाला गाठ आली होती. ती खराब टोकं छाटून निरोगी भागापर्यंत गेलं की मध्ये पाच सेंटिमीटरची फट राहणार होती. हाताला काच लागलेल्या माणसाला टाके घालण्याआधी डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावून बघायला एक मिनिट लागतं. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर ते एक मिनिट मागून घ्या. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

फट भरायची म्हणजे दुसरी नस आणायची. ती पायातून घेतात. पोटरीच्या मागून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला उतरणारी सुरल नर्व्ह. ती फक्त स्पर्शाची नस आहे, काढली तर पाऊल हलायचं थांबत नाही. पावलाची बाहेरची कड बधिर होते, एवढंच. एका पायातून तीस सेंटिमीटरच्या वर तुकडा मिळू शकतो. मीडियन नर्व्ह जाड आणि ही बारीक, म्हणून तिचे चार तुकडे शेजारी शेजारी लावायचे.

मी विणकराचा मुलगा. तुटलेला ताणा सांधणं माझ्या बोटांत आहे, म्हणजे होतं. म्हणून मी बिनधास्त म्हणालो, “म्हणजे तुटलेल्या धाग्याला मध्ये तुकडा टाकून गाठ मारायची.” मॅडम म्हणाल्या, “दिसायला तसंच. पण तुमचा धागा जोडला की लगेच माग चालू होतो. इथं तसं नाही.” नस कापली की कापलेल्या जागेपासून बोटापर्यंतचे सगळे तंतू मरून जातात. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. पायातून आणलेल्या तुकड्यातले तंतूही असेच मरणार. शिल्लक राहतात त्या रिकाम्या नळ्या आणि त्यांच्यातल्या श्वान पेशी, म्हणजे तंतूंना सांभाळणाऱ्या पेशी. (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही.) वरच्या जिवंत टोकातून नवे कोंब फुटतात आणि त्या नळ्यांमधून एकेक करत खाली उतरतात. “तुकडा म्हणजे वायर नाही, वाट आहे,” मॅडम म्हणाल्या. “आणि वाटेवरच्या श्वान पेशी जिवंत राहिल्या, तरच कोंब त्या वाटेनं जातात.”

घरी आल्यावर मला झोप लागेना ती याच वाक्यानं. पायातून तोडून आणलेला तुकडा. त्याचं रक्त तुटलं. मग त्या पेशी जगणार कशावर?

इथं आपल्या भाषेनं माझा आणखी गोंधळ केला. आपण रक्ताच्या वाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतातंतूंच्या जुडग्यालाही नसच म्हणतो. नसेलाच रक्त लागतं हे वाक्य मला आधी चुकीचं वाटलं. खरं म्हणजे प्रत्येक नसेच्या अंगावरून आणि आतून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या धावत असतात. मी मुलाच्या मोबाइलवर रात्र रात्र वाचत बसलो आणि मला कळलं की रक्तवाहिनीसकट नस उचलून लावण्याचीही पद्धत आहे. इंग्लंडमध्ये स्ट्रेंज नावाच्या सर्जननी १९४७ मध्ये शेजारची नस तिच्या रक्तपुरवठ्यासह वळवून लावण्याची शस्त्रक्रिया मांडली. ऑस्ट्रेलियात टेलर आणि हॅम यांनी १९७६ मध्ये नस धमनीसकट पूर्ण सुटी करून, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी जोडून लावल्याचं प्रसिद्ध केलं. मग मला ती नको का? माझ्या हातात सुका तुकडा का? पैसे कमी पडतात म्हणून साधं ऑपरेशन सांगतायत का, असंही मनात येऊन गेलं. हे लिहायला संकोच वाटतो, पण तेव्हा आलं होतं.

मी हा प्रश्न आधी मेहुण्याकडे नेला. तो सांगोल्याकडे डाळिंब लावतो, बांधावर आंब्याची कलमंही स्वतः करतो. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, “दाजी, ह्यात काय नवीन नाही. भेट कलम आणि कोय कलम.” भेट कलमात रोपाची कुंडी आईच्या झाडाजवळ नेतात, फांदी झाडावरच ठेवून रोपाला बांधतात. सांधा धरला की मगच फांदी आईपासून तोडायची. तोपर्यंत तिला आईचा रस चालू असतो. कोय कलमात काडी तोडूनच आणतात आणि कोवळ्या रोपावर बसवतात. मी विचारलं, “मग तोडलेली काडी जगते कशावर?” तो म्हणाला, “अंगातल्या ओलीवर, चार दिवस. म्हणून तर काडी पेन्सिलीएवढी घ्यायची. मनगटाएवढा खुंट तोडून लावला तर सांधा धरायच्या आत वाळून जातोय की.”

दुसऱ्या भेटीत मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला. “तुमच्या मेहुण्यानं अर्धं पुस्तक सांगितलं,” म्हणाल्या. बारीक नसेचा तुकडा पहिले तीन-चार दिवस आजूबाजूच्या मांसातून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. तोवर भोवतालच्या मांसातून आणि दोन्ही टोकांतून नव्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. म्हणून एक जाड नस लावण्यापेक्षा चार बारीक तुकडे बरे, प्रत्येकाच्या गाभ्यापर्यंत ओल पोचते. पूर्वी जाड नस अख्खी उचलून लावायचे तेव्हा तिचा गाभा रक्त पोचण्याआधीच मरून जायचा आणि आत नुसता व्रण तयार व्हायचा. “तुमची फट पाच सेंटिमीटरची आहे आणि दोन्ही बाजूंना निरोगी स्नायू आहे. जमीन ओली आहे. अशा ठिकाणी रक्तवाहिनीसकट लावली म्हणून शेवटी हात जास्त चांगला होतो, असं ठामपणे म्हणता येत नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत सुरुवातीचा वेग जास्त दिसला, काहींत फरकच दिसला नाही. आणि त्यासाठी मी तुमची एक चांगली धमनी खर्च करायची, ऑपरेशन लांबवायचं, आणि ती जोडलेली धमनी गुठळी होऊन बंद पडली तर सगळंच गेलं.” मग कुणासाठी करता, मी विचारलं. जमीन खडकाळ असेल त्याच्यासाठी. भाजलेला, किरणोत्सर्ग दिलेला, व्रणांनी भरलेला भाग, जिथून नव्या रक्तवाहिन्या येणारच नाहीत. किंवा फट फार लांब असेल आणि जाड नस लावणं भाग असेल तर.

मी सही केली ती या उत्तरावर. त्या दिवशी त्यांनी मला वीस मिनिटं दिली. बाहेर रांग होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या धंद्याच्या अगदी उलटी. आमच्याकडे ताण हेच सगळं. ताणा ढिला पडला की कापड बिघडलंच. नसेला मात्र ताण चालत नाही. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी १९७० च्या सुमारास हेच सगळ्या जगाला पटवलं. ओढून जोडण्यापेक्षा मध्ये तुकडा टाकून सैल जोडलेली नस जास्त चांगली येते. कारण पुन्हा रक्तच. सशांवरच्या प्रयोगांत नस तिच्या लांबीच्या १५ टक्के ताणली की तिच्यातलं रक्त पूर्ण थांबलेलं दिसलं. म्हणून तुकडे फटीपेक्षा थोडे लांबच कापतात.

जूनच्या मध्यात ऑपरेशन झालं. मला त्यातलं काही आठवत नाही. मॅडमनी नंतर फोटो दाखवला. लाल मांसात शेजारी शेजारी पडलेले चार पांढरट दोरे, शेवयांसारखे, आणि टोकांना टाके. पण ते टाके फोटोत मला सापडेनात. केसापेक्षा बारीक नायलॉन होतं ते. चाळीस नंबरचं सूत (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) डोळ्यांनी ओळखणारा माणूस मी, तरी सापडले नाहीत.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी एक अट घातली होती. तंबाखू बंद. चुना-तंबाखू माझ्या डाव्या गालात वीस वर्षं होती. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि माझ्या चार तुकड्यांना तर अजून स्वतःची रक्तवाहिनीच नव्हती. मी बंद केली. पहिल्या चार रात्री मी प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून नुसता पडून राहायचो. हात दुखत होता त्यापेक्षा जास्त मला आत काय चाललंय याची काळजी. ओल पोचत असेल का? बाहेर पाऊस अजून आला नव्हता, खिडकीतून गरम वारा. मेहुणा रोज संध्याकाळी फोन करायचा आणि एकच विचारायचा, “काडी हिरवी हाय का?” चौथ्या रात्री मी म्हणालो, “असेल.” पाचव्या दिवशी सकाळी मला उगीच वाटलं की आता रक्त शिरलं असणार. दिसत काहीच नव्हतं, तरी मी हिला गोड करायला सांगितलं. तिनं शिरा केला.

तीन आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं आणि खरी वाट सुरू झाली. हिशेब मॅडमनी कागदावर मांडून दिला. वरचा सांधा मनगटाच्या घडीपासून नऊ सेंटिमीटर वर. तिथून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत तेरा, बोटाच्या टोकापर्यंत सत्तावीस सेंटिमीटर. कोंब साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढतात, आणि निघायलाच महिनाभर घेतात. शिवाय अंगठ्याच्या स्नायूला मुदत आहे. वर्ष-दीड वर्षात नस पोचली नाही तर स्नायू तिला घेण्याच्या लायकीचा राहत नाही. अपघातापासूनचे तीन महिने त्या मुदतीतून आधीच गेले होते.

कोंब कुठवर आले हे कळण्याची एक सोपी खूण आहे. नसेच्या वाटेवर बोटानं टिचकी मारत खालून वर यायचं. जिथं टिचकी मारल्यावर बधिर बोटांत झिणझिण्या येतात, तिथं कोंबांची टोकं. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या काळात फ्रान्समधल्या टिनेल यांनी आणि जर्मनीतल्या हॉफमन यांनी ही खूण वेगवेगळी लिहून ठेवली. दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते.

मी दर रविवारी आंघोळीनंतर हे करायचो. टॉवेल मोजायची टेप मनगटाच्या घडीला लावायची, टिचकी मारायची, बॉलपेननं रेघ ओढायची आणि कारखान्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहायचा. काही रविवार रेघ तसूभर हलायची नाही. वरच्या सांध्यावर अडली तेव्हा मी दोन आठवडे कुणाशी धड बोललो नाही. खालच्या सांध्याजवळही तसंच झालं. मॅडम म्हणायच्या, “सांधा म्हणजे नाका आहे, तिथं गर्दी होणार.” दिवाळीत रेघ मनगटाची घडी ओलांडून तळहातावर आली. पाडव्याला वहीपूजन करताना मी त्या शेवटच्या पानालाही हळद-कुंकू लावलं.

फिजिओथेरपीला मला एक पोरगा भेटायचा, पंढरपूरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. मोटरसायकलवरून पडून मानेपासून हाताला येणाऱ्या नसांची मुळंच मणक्यातून उपटली गेलेली. त्याचं ऑपरेशन बाहेरगावी झालेलं. त्याला रक्तवाहिनीसकट नस लावली होती. त्याच्या हाताची करंगळीकडची अल्नर नर्व्ह मुळं तुटल्यामुळे तशीही निकामी होती, म्हणून तीच वापरली. मनगटाशी कापून, कोपराच्या वरच्या भागात तिची धमनी तशीच ठेवून, ती छातीवरून आडवी दुसऱ्या बाजूला नेली आणि चांगल्या बाजूच्या मानेतल्या सातव्या नसेला जोडली. ही सातवी नस चांगल्या बाजूनं उसनी घ्यायची पद्धत शांघायच्या गू युडोंग यांनी १९८६ मध्ये सुरू केली. सातवीचं काम शेजारच्या नसा सांभाळून घेतात, म्हणून ती घेता येते. कोंब छाती ओलांडून आले की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अल्नरचं वरचं टोक कापून मीडियनला जोडायचं. मी त्याला म्हणालो, “तुझं भेट कलम आहे.” त्याला भेट कलम समजावून सांगितलं तर तो पहिल्यांदा जरा खुलला. एवढी जाड आणि एवढी लांब नस तोडून आणून ओलीवर जगवणं अवघडच होतं. तिला आईचा रस हवाच होता.

त्यानं मला शर्टाचं बटण काढून दाखवलं. छातीवर टिचकी मारली की झिणझिण्या त्याच्या चांगल्या हाताच्या मधल्या बोटात यायच्या. मेंदूला अजून वाटत होतं की हे त्याच हाताचं आहे. मी स्वतः त्याच्या छातीवर हात लावून बघितला. त्वचेखाली दोरीसारखं काही लागतं का, ते चाचपलं. नाही लागलं. तो म्हणाला, “काका, माझी टेप मोठी लागते.”

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मी संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत उभा होतो. अक्षता सोहळा आम्ही चुकवत नाही. उजव्या हातात अक्षता घेतल्या आणि अंगठ्याच्या बुडाशी खरखरलं. बोटांना काही नाही, पण बुडाशी दाणे होते. वाळू भाजून हातावर टाकल्यासारखं, जरा जास्तच, टोचल्यासारखं. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मी मूठ उघडली नाही. घरी येईपर्यंत तशीच होती.

फेब्रुवारीत अंगठा पहिल्यांदा छताकडे उचलला गेला. उचलला म्हणजे, खळग्यातली कातडी हलली. हिनं मोबाइलवर काढलेलं ते चित्रण सहा सेकंदांचं आहे. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. आम्हाला दिसतं.

बोटांची टोकं जागी व्हायला पुढचा मे उजाडला, आणि जागी झाली ती वेडीवाकडी. कोंब नळ्या बदलून शिरतात, त्यामुळे तर्जनीला लावलेलं मधल्या बोटाला कळतं. थंडीत बोटं दुखतात. हा भाग मला कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. नस पोचली म्हणजे हात शिकलेला नसतो, त्याला पुन्हा शाळेत घालावं लागतं. हिनं कापडी पिशवीत ज्वारी, शेंगा, बटणं, नाणी, टॉवेलचा तुकडा आणि चादरीचा तुकडा घातला. रोज रात्री जेवणानंतर डोळे मिटून मी हात घालायचो. शेंग पहिल्या आठवड्यात ओळखली, तिच्या कमरेवरून. टॉवेलची लव आणि चादरीची वीण यांतला फरक कळायला अडीच महिने लागले. माझं सगळं आयुष्य त्या दोन कापडांत गेलंय.

पायाचं म्हणाल तर डाव्या पावलाची बाहेरची कड आजही बधिर आहे. उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या आवारात अनवाणी चालताना आतली कड पोळते आणि बाहेरच्या कडेला पत्ताच नसतो. त्याची सवय झाली.

ऑपरेशनला आता वीस महिने झाले. सूत हाताला बघणं अजून पूर्ण आलेलं नाही. परवा नवा माल आला. जॉबरनं कोनाचं टोक माझ्या चिमटीत दिलं आणि म्हणाला, “डोळे झाका, मालक.” मी बराच वेळ धागा चोळला. “वीस नंबर,” म्हणालो. “सोळा हाय,” तो म्हणाला. दुसरा कोन दिला. तो दहाचा होता, ते बरोबर आलं.

पोरगा मागच्या महिन्यात आला होता. त्याचं दुसरं ऑपरेशन होऊन आठ महिने झालेत. जमिनीवर बसून आम्ही दोघांनी त्याचा हात मांडीवर घेतला, खालून टिचक्या मारत वर आलो. त्याची रेघ कोपराच्या खाली चार बोटं आहे.